मागच्या मोरीतला टब

७ जानेवारी २०२४, रविवार

तीस दिवस! नवा मासा आणला की आधी तीस दिवस वेगळ्या पाण्यात — महारुद्रने आज सकाळपासून हे ग्रुपवर चौथ्यांदा लिहिलं. एक, दोन, तीन असे आकडे घालून. हा माणूस गंगाखेडला साखर कारखान्यात इंजिनिअर आहे. घरी बायकोशीही आकडे घालूनच बोलत असेल.

ग्रुपचं नाव 'मराठवाड्याचा समुद्र'. समुद्रापासून पाचशे किलोमीटरवर बसून घरात खारं पाणी बनवणारे तेवीस वेडे. त्यातले अठरा नुसते फोटो टाकतात आणि सकाळी गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात म्हणतात. एकाने मागच्या वर्षी टाकीत स्वयंपाकघरातलं मीठ ओतलं होतं! आणि मासे मेल्यावर विचारत होता, कंपनी कोणती वापरायला हवी होती? अशा सभेत मी का बसते, देव जाणे. मी देव मानत नाही, म्हणजे कुणीच जाणत नाही.

बुधवारी मुंबईहून मासे येणार. सगळ्यांचे एकाच खोक्यात. माझे दोन डॅमसेल — अंग निळं, शेपटी पिवळी. जिंतूरच्या मनिषाचेही तसलेच दोन. तिनेच हा प्रश्न काढला : "नवे मासे थेट टाकीत सोडावेत की वेगळे ठेवावेत? कृपया मार्गदर्शन करावे." जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिचा प्रत्येक मेसेज रजेच्या अर्जासारखा असतो.

मी एवढंच लिहिलं की इतकं भ्यायचं कारण नाही. तेवढ्यावरून महारुद्र पेटलाय.

आत्याबाई बैठकीत टाकीसमोर बसून हसत होत्या. माझ्या सासूबाई, वय ब्याऐंशी. "मासोळीला मीठ तव्यावर टाकताना लावायचं असतंय बाई. तू जित्तीलाच लावायलीस!" नऊ वर्षं हाच विनोद. प्रत्येक पाहुण्याला सांगतात, आणि दर वेळी आत्ताच सुचल्यासारख्या हसतात.

८ जानेवारी, सोमवार

आज बोलले. नऊ मिनिटं.

झालं असं की महारुद्रने लिहिलं : "मॅडम, व्याख्यान वेगळं आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग वेगळा. जंतूला टाळ्या ऐकू येत नाहीत." यावर सात जण हसले. सात! माझ्यासमोर कारखान्याच्या भोंग्याशिवाय दुसरा आवाज न ऐकलेला माणूस कोटी करतो आणि सात जण हसतात.

मी टाइप करत बसले नाही. बटण दाबलं आणि बोलले.

म्हटलं, वेगळी टाकी, वेगळी जाळी, वेगळा मग, शिवलं की हात धुवा — महारुद्रराव, ही यादी मला पाठ आहे. माझ्या सासूबाईंच्या लहानपणी ही यादी पाणवठ्यावर होती. वरून ओतायचं, खाली ओंजळ धरायची. नवा येईल तो मळका आणि आधीपासून आत बसलेला तो सोवळा, हे तुम्हाला शिकवलं कुणी? समुद्राने तर नाही शिकवलं. समुद्रात कोणता मासा दुसऱ्याला म्हणतो, तीस दिवस वेशीबाहेर बस?

इथे मी थांबले. सभेतही अशाच ठिकाणी थांबते. टाळी तिथेच पडते.

चौथ्या मिनिटालाच मला कळलं होतं की मुद्दा हातातून सुटलाय. रोगी वेगळा ठेवणं आणि माणूस वेगळा ठेवणं, यांची एक वेलांटीसुद्धा जुळत नाही. विलगीकरणाला शेवटची तारीख असते. त्या दुसऱ्या वेगळेपणाला नव्हती. हे न कळायला मी काय दूधखुळी आहे? या ठिपक्यांच्या किड्यावर मी महारुद्रपेक्षा जास्त वाचलंय. माशाच्या अंगावर चिकटतो, पोट भरलं की गळून वाळूत पडतो, कोष करतो, आणि एका किड्याचे शेकडो होऊन वर येतात. सगळं ठाऊक आहे! पण आवाज लागला होता. आवाज लागला की मी थांबत नाही.

ग्रुपवर टाळ्यांच्या चित्रांचा पाऊस. महारुद्रचं उत्तर दोन शब्दांचं : "बरं मॅडम." मनिषाने लिहिलं : "ताई, अंगावर काटा आला. आता शंका उरली नाही. थेट सोडते."

सिद्धोधन पेपर वाचत होता. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माती तपासणारा माणूस. बोलणंही चिमटीने मोजून. म्हणाला, "आत्ता तू महारुद्रला हरवलंस का रोगाला?"

नवरे असतात असे. बायको सभा जिंकून येते आणि हे चप्पल कुठे काढलीस ते विचारतात.

१० जानेवारी, बुधवार

मासे आले. नागनाथच्या दुकानात गर्दी. हा नागनाथ पिंजऱ्यातले पोपटी लव्हबर्ड, कासवं, कुत्र्याचे पट्टे आणि समुद्रातले मासे एकाच फळीवर विकतो, आणि सगळ्यांबद्दल एकच वाक्य बोलतो : "काय होत न्हाई."

"मॅडम, घरी नेलं की सोडा डायरेक्ट. मासा हाय, जावई न्हाई. पंधरा वर्षं सोडायलोय, काय होत न्हाई."

पंधरा वर्षांत याने दुकानातल्या टाकीतून मेलेले किती काढले असतील ते हा कधी सांगत नाही.

मनिषा जिंतूरहून एसटीने आली होती. पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहिली. बारीक चणीची, तिशीच्या आतली, पर्स छातीशी धरलेली. "जयभीम ताई! तुमचं बोलणं बसमध्ये तिसऱ्यांदा ऐकलं." दर शनिवारी शाळा सुटली की तिचे चौथीचे विद्यार्थी तिच्या घरी मासे बघायला येतात म्हणे. रांगेत चपला काढून. तिच्याकडे जुने पाच मासे आहेत, प्रत्येकाला पोरांनी नाव ठेवलंय. सगळी नावं तिने मला तिथेच उभ्या उभ्या सांगितली. हिला दोन तास हसतमुखाने ऐकणारं कुणीतरी हवंय, हे माझ्या लक्षात आलं. मला बँकेत जायचं होतं.

"मी तर गेल्या गेल्या सोडनार. तुमी बी लगेच ना, ताई?"

"लगेच," मी म्हणाले.

घरी येऊन पिशवी उजेडात धरली. दोघांपैकी एकाचे कल्ले भात्यासारखे चालले होते. प्रवासाचा शीण असेल. असेलही! टाकीत माझी क्लाऊनची जोडी एकमेकांना खेटून फिरत होती. नारंगी, पांढऱ्या पट्ट्यांची. नऊ वर्षांची जोडी. लॉकडाऊनमध्ये तयार मीठ मिळेना तेव्हा जुनंच पाणी पुन्हापुन्हा गाळून मी ती जगवली.

दुपारी दोन वाजता मागच्या मोरीत निळा टब धुऊन ठेवला. खारं पाणी, हवेचा पंप, लपायला प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा. वेगळी जाळी. वेगळा मग. टबाला तारखेची पट्टी. डॅमसेल त्यात सोडले आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुतले.

सिद्धोधन दारात उभा होता. काही बोलला नाही. बरं झालं. बोलला असता तर मी त्यालाही हरवलं असतं.

आत्याबाई मात्र बोलल्या. "कुनाला गोवर निघालाय का काय, येगळं ठिवलंस ते?"

मी म्हटलं, आत्याबाई, तुम्हाला हे बघून पाणवठा नाही आठवत?

"पानवठा?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की तसं मी जन्मात कुणाकडे पाहिलं नसेल. "त्येचा न् ह्येचा काय संबंद? शिकून शिकून येड लागलं का तुला?"

१२ जानेवारी, शुक्रवार

महाविद्यालयात जयंतीचं व्याख्यान. विषय माझाच, दोन महिन्यांपूर्वी दिलेला : 'उक्ती आणि कृती.'

संयोजकाने माझी ओळख करून देताना सतरा मिनिटं स्वतःबद्दल सांगितलं. पहिल्या रांगेतले निम्मे मोबाइलमध्ये. तरी शेवटी सगळे उभे राहिले. उभं राहायला यांना काय लागतं? पाय.

१६ जानेवारी, मंगळवार

सकाळी टबात बॅटरी मारून पाहिलं. दोघांच्याही परांवर पांढरे ठिपके. अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे. पाइपला अंग घासतायत.

औषधाची बाटली होती घरात. तांब्याचं औषध. थेंब मोजून घातलं, पट्टीवर तारीख लिहिली. सिद्धोधनने परीक्षानळी धरली, प्रमाण तपासलं, पुन्हा तपासलं. हात न थरथरणारा माणूस कधीकधी उपयोगी पडतो.

जोडी ठणठणीत आहे. माझं बरोबर ठरलं! — हे वाक्य मनात आलं आणि लगेच दुसरं आलं. मनिषाचे मासे याच खोक्यातले, याच पाण्यातले. तिने सहा दिवसांपूर्वीच सोडलेत. पाच जुन्यांत.

फोन हातात घेतला. काय सांगणार? "मनिषा, तुझे मासे आजच बाहेर काढ, औषध दे." ती विचारणार, "ताई, तुम्हाला कसं कळलं?" माझ्या थेट सोडलेल्या माशांवर ठिपके आले म्हणावं, तर ती पहिल्यांदा माझ्या जोडीची चौकशी करणार. खोट्यावर खोटं. वेगळे ठेवले होते म्हणावं — तर संध्याकाळपर्यंत महारुद्रच्या कानावर. एक, दोन, तीन करून लिहील.

आधी खात्री करू. टबातल्या ताणानेही होतं असं कधीकधी.

१७ जानेवारी, बुधवार

खात्री झाली. फोन केला नाही.

१९ जानेवारी, शुक्रवार

मनिषाने ग्रुपवर फोटो टाकला. "हे ठिपके कशाचे असावेत? कृपया मार्गदर्शन करावे."

मार्गदर्शनाला ही फौज तयारच! एकजण म्हणतो, लसूण घाला. दुसरा म्हणतो, पाणी गोड करा. नागनाथ : "काय होत न्हाई." मासे वाळूवर आडवे पडत होते आणि हे पाककृती सांगत होते.

महारुद्रने तिला पंधरा ओळी लिहिल्या. कोणत्या टबात काढायचे, औषध किती, कितीदा तपासायचं. आकडे घालूनच. पण एक टोमणा नाही. 'मी सांगितलं होतं' हे तीन शब्द नाहीत. मी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली त्या शब्दांची. ते आले असते तर मला त्याला उत्तर देता आलं असतं. हलकट माणूस — चांगला वागला.

मी लिहिलं : "धीर धरा मनिषा."

धीर धरा! बत्तीस वर्षं व्यासपीठावर उभी आहे आणि लिहिलं काय, तर रुग्णालयाच्या भिंतीवरची पाटी.

२४ जानेवारी, बुधवार

सात होते. सहा गेले.

तिचाच फोन. रडत नव्हती, हे जास्त वाईट. वर्गात बोलतात तशा मोकळ्या, स्पष्ट आवाजात सांगत होती. "नवे दोघं रविवारीच गेले. मग रोज एक. आज सकाळी दोन. आता एकटा गोबी राहिलाय, वाळूत बीळ करून असतो तो. ताई, माझ्याच पाण्यात खोट असंल. तुमचं कसं चुकंल?"

मी म्हटलं, पाणी तपासून घे.

"शनिवारी पोरं येतील. काय सांगू त्यास्नी?"

या प्रश्नाला उत्तर मला येतं. मृत्यूवर मी दीड तास बोलू शकते, टिपणाशिवाय. 

"तुमचे कसे हायेत, ताई?"

"बरे आहेत."

यात खोटा एकही शब्द नाही. टबातल्या डॅमसेलचे ठिपके गळाले आहेत. जोडी मजेत. बरे आहेत! वकिलाने लिहून द्यावं असं वाक्य.

३० जानेवारी, मंगळवार

सेलूचं व्याख्यान नाकारलं. घसा बसला म्हणून कळवलं. घसा ठणठणीत आहे.

११ फेब्रुवारी, रविवार

सिद्धोधन टबाचं पाणी बदलत होता. रोज सकाळी तोच बदलतो. जुनं पाणी बादलीने काढून मागच्या नाल्यात, नवं हळूहळू आत. पाठ माझ्याकडे. तसाच म्हणाला, "तिला सांग."

"काय सांगू?"

"हेच. टब."

मी म्हटलं, तुला सोपं आहे. तुझ्या बोलण्यावर कुणी काही करत नाही, म्हणून तुला जबाबदारीही नाही. तू माती तपासतोस. मातीला मत नसतं. माझ्या शब्दावर माणसं उठतात, मोर्चे निघतात, पोरी शाळा सोडत नाहीत. उद्या लोक म्हणतील, बाई समोर एक बोलते आणि मोरीत एक करते. मग आजवर जे खरं बोलले तेही खोटं होईल. एका टबापायी!

चांगलं बोलले. आवाजही लागला होता.

त्याने बादली खाली ठेवली. "म्हंजे तुझ्या नावासाठी तिचे मेले."

"मी मारले नाहीत."

"न्हाई मारलेस. पन सोळा तारखेला फोन तुझ्याच हातात होता. मी नळी धरून उभा होतो की गं."

या माणसाला बत्तीस वर्षांत एकाही सभेत मी पाच वाक्यं सलग बोलताना पाहिलं नाही. आज बोलला आणि बादली घेऊन निघून गेला. उत्तर ऐकायला थांबलासुद्धा नाही! ही काय बोलायची पद्धत झाली?

१७ फेब्रुवारी, शनिवार

औषधाचा महिना संपला. आणखी पंधरा दिवस साध्या पाण्यात नजरेखाली. डॅमसेल मस्तवाल झालेत. मग आत घातला की चावायला येतात.

आत्याबाई म्हणतात, "बरी झाली की! तीट लावून आत घे आता त्यास्नी." मी पुस्तकाप्रमाणे चालले आहे. महारुद्रच्या पंधरा ओळी जशाच्या तशा. कुणी पाहत नसेल तेव्हा मी फार शिस्तीची आहे.

२५ फेब्रुवारी, रविवार

सविस्तर लिहायचं आहे. 

सकाळी गंगाखेडला व्याख्यान होतं. महिनाभराने पहिलंच. परत यायला एक वाजला. बैठकीत पाऊल टाकलं तर मनिषा बसलेली. न कळवता आलेली. आत्याबाईंनी तिला चहा दिलेला, मीठ-तव्याचा विनोद सांगून झालेला. बिचारी अर्धा-पाऊण तास बसली होती. माझं पहिलं लक्ष मागच्या दाराकडे. लोटलेलं होतं. जीव भांड्यात पडला.

तिच्या पायाशी झाकणाचा डबा. त्यात पिशवी, पिशवीत तो पिवळा गोबी. बोटाएवढा. वाचलेला एकटा.

"ताई, ह्येला तुमच्या टाकीत ठिवता का?" आवाज नेहमीसारखा अर्ज-विनंतीचा नव्हता. सपाट होता. "एकटा पडलाय. तुमच्याकडं सोबत हाय."

म्हणजे, ज्या टाकीत सहा मेले त्या टाकीतला सातवा. अंगावर ठिपका दिसत नव्हता, पण ठिपका दिसत नाही म्हणजे किडा नाही असं नव्हे. कल्ल्यांत लपून राहतो. वाचलेलाच वाहून आणतो. हे कुणीही सांगेल. महारुद्र आकडे घालून सांगेल.

मी म्हटलं, "आज लगेच?"

"तुमी तर लगेच सोडता की, ताई."

काय भाबडेपणा! इतकं गमावूनही माझ्या शब्दाला चिकटून. अशा माणसांची मला चीड येते. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नाही, दुसऱ्याच्या जिभेवर आहे. आमच्या चळवळीचं वाटोळं याच भाविकांनी केलं.

पिशवी टाकीत तरंगत ठेवली. आतलं-बाहेरचं पाणी सारखं गरम व्हायला अर्धा तास लागतो. म्हणजे मला अर्धा तास मिळाला. पूर्ण अर्धा तास! एक वाक्य बोलायला. ते वाक्य मला पाठही होतं : मनिषा, मागच्या मोरीत एक टब आहे. सहा शब्द.

तिने गंगाखेडच्या व्याख्यानाचं विचारलं. मी सांगत सुटले. श्रोते किती, विषय काय, कुणी काय प्रश्न विचारला. ती हो, हो म्हणत होती. क्लाऊनची मादी पिशवीपाशी आली, बाहेरून गोबीकडे बघत राहिली. सिद्धोधन आतून आला. पिशवी पाहिली, मला पाहिलं. तोंड उघडलं. मी डोळे वटारले. त्याने तोंड मिटलं आणि खुर्ची ओढून टाकीकडे पाठ करून बसला.

आत्याबाई म्हणाल्या, "आता ह्यो का इकडंच? त्ये—"

"आत्याबाई, गोळी घेतली का दुपारची?" मी म्हणाले.

अर्धा तास झाला. पिशवी कापली. गोबी हातातल्या जाळीतून पाण्यात गेला, तळाशी उतरला, दगडाखाली घुसला. संपलं. आता हजार दगड उपसले तरी त्याला कुणी काढू शकत नाही, आणि काढून उपयोगही नाही.

मनिषाचं लक्ष माशाकडे नव्हतं. माझ्या हाताकडे होतं. बघून शिकणारी जात! 

"येते ताई. तीनची बस हाय," म्हणाली. आत्याबाईंच्या पाया पडली. मला जयभीम म्हणायची राहिली. घाईत असेल.

ती गेल्यावर सिद्धोधन म्हणाला, "नऊ वर्षं, संघप्रिया."

एवढंच. मी आतल्या खोलीत गेले.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

अजून काही नाही. सकाळी सहाला, दहाला, दुपारी तीनला बॅटरी मारून पाहते. परांच्या कडा, शेपटी, डोळ्यांभोवती. आज मराठी दिनाचे तीन कार्यक्रम होते. दोन नाकारले, एकाला गेले. भाषा कशी जपावी यावर बोलले. काय जपायचं होतं ते घरी सोडून आले होते.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

मादीने आज एकदा दगडाला अंग घासलं. एकदाच. की मला वाटलं?

डॅमसेल टबात अगदी निरोगी. घरात सुरक्षित असे तेच दोन. आता त्यांना मोठ्या टाकीत घालायची सोय राहिली नाही. मी ज्यांना बाहेर ठेवलं ते वाचले. ज्यांच्यासाठी ठेवलं त्यांना मी स्वतःच्या हाताने मारायला निघाले. कशासाठी? तर एका शिक्षिकेसमोर लाजू नये म्हणून! माझ्याबद्दल दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, असल्या बाईला व्यासपीठावर चढू देऊ नका.

३ मार्च, रविवार

आठवडा झाला. ठिपका नाही. साधारण सहाव्या-सातव्या दिवशी दिसायला लागतात. डोळे दुखतात.

ग्रुपसाठी लिहायला बसले. पहिला मसुदा दोन पानांचा झाला. त्यात सत्य होतं, पश्चात्ताप होता, इतिहासातली तीन उदाहरणं होती, शेवटी आवाहन होतं. दुसरा एका पानाचा. त्यात मी माझी चूक इतकी सुंदर कबूल केली होती की वाचणारा उभा राहिला असता.

सिद्धोधनला दाखवलं. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. "भाषण झालंय," म्हणाला.

"मग तू लिही!"

"मी कशाला? मला कुठं काय लपवायचंय?"

दोन्ही फाडले. मला साधं वाक्य लिहिता येत नाही. सहा शब्दांचं वाक्य! उद्या लिहीन.

४ मार्च, सोमवार

लिहिलं नाही. ठिपकाही नाही.

५ मार्च, मंगळवार

सकाळी मनिषाचा मेसेज. ग्रुपवर नाही, मला एकटीला. सुरुवात 'ताई' अशी नाही, 'संघप्रिया मॅडम' अशी आहे. उतरवून ठेवते.

"तुमच्या टाकीत ठिपके येणार नाहीत. शोधत असाल तर शोधू नका. गोबीला मी महिनाभर वेगळा ठेवला, पूर्ण औषध दिलं, मगच आणला. त्याला दाखवून, तुमचं चुकलं होतं एवढंच सांगायला आले होते. तुमच्यासमोर धीर होईना म्हणून बसमध्ये वाक्य घोकत आले. आजींनी हातपाय धुवायला मागच्या मोरीत पाठवलं. टबाला तुमच्या अक्षरातली पट्टी होती. आणले १० जानेवारी. औषध सुरू १६ जानेवारी. माझ्या घरी पहिला ठिपका १९ला दिसला."

मेसेज इथेच संपतो.